पाणी नितळ, पण गाळ?

जालन्याला समुद्र नाही, कुंडलिका आहे. शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळते. पाणी ओसरले की काठावर गाळ उरतो आणि मुले त्यात अनवाणी खेळतात. पाण्यातले बरेच जंतू उन्हाने मरतात. गाळाच्या आत ऊन पोहोचत नाही, म्हणून तिथे ते जास्त दिवस टिकतात. सुट्टीत पाहिलेल्या जुहूच्या ओल्या वाळूचेही तसेच.

नदीच्या गाळात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. २००५च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ पाहिली.

पालकहो, जखम असेल तर मुलांना गाळात उतरू देऊ नका. घरी येताच हातपाय साबणाने धुवा, मगच घास द्या. पुढे ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर मूल गाळात खेळले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.