डोळ्याला धावायला न लावणारा पाठलाग

‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५) या चित्रपटात गोष्ट अशी फारशी नाहीच. जग उजाड झालंय, पाणी मूठभरांच्या ताब्यात आहे आणि वाळवंटात दोन तास पाठलाग चालू आहे. या दोन तासांत सुमारे २,७०० कट आहेत. म्हणजे सरासरी एक दृश्य पावणेतीन सेकंदही टिकत नाही. एवढ्या काटछाटीत एरवीच्या मारधाडपटात कोण कुणाला बडवतंय तेच कळेनासं होतं. इथे मात्र सगळं स्वच्छ दिसतं.

याचं उत्तर आपल्या डोळ्यात आहे. दृष्टिपटलाच्या मधल्या चिमुकल्या खळग्यातच नजर खरी तीक्ष्ण असते. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा, साधारण तेवढाच भाग. बाकीचं धूसर, म्हणून डोळा सतत इकडून तिकडे उड्या मारतो. उडी घ्यायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो आणि उडीदरम्यान मेंदू दृष्टी जवळपास दाबून टाकतो. कट झाल्यावर नायक कोपऱ्यात गेला, की आपण त्याला शोधत बसतो. सापडेपर्यंत पुढचा कट हजर!

दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी छायाचित्रकार जॉन सील यांना म्हणूनच बजावलं होतं, महत्त्वाचं ते पडद्याच्या मधोमध ठेवायचं. मिलर मुळात डॉक्टर, हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही. सुमारे ४८० तासांच्या चित्रणातून हा पाठलाग रचला त्यांच्या पत्नी, संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी. त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं.

चित्रीकरण ठरलं होतं ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला. तिथे पाऊस झाला, वाळवंट फुलांनी भरलं आणि सगळा लवाजमा नामिबियात हलवावा लागला. चित्रपटातली रात्रसुद्धा तिथे भर दिवसा टिपलेली आहे, आणि तीही जास्त प्रकाश घेऊन. सावल्यांतले बारकावे असे शाबूत ठेवायचे, मग संगणकावर सगळं काळोखं, निळं करायचं. मंद उजेडात आपल्याला रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे ही एकरंगी रात्र खोटी वाटत नाही.

पुन्हा पाहाल तेव्हा टीव्हीच्या मधोमध एक टिकली चिकटवा आणि आवाज बंद करा. नजर टिकलीवरून किती वेळा हलते, ते मोजा.