पेरणी ते पेरणी

महिन्याच्या पगारावर घरखर्च बसवायचा तर एक तारीख धरून चालता येतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात अशी तारीखच नसते. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, तूर जानेवारीच्या आसपास, हरभरा फेब्रुवारी-मार्चात. पैसा येतो तो या सहा महिन्यांत. खर्च बाराही महिने चालूच असतो, आणि तो सगळ्यात जड होतो जून-जुलैत, घरात विकायला दाणा उरलेला नसतो तेव्हा. म्हणून इथला हिशोब पेरणी ते पेरणी मांडावा लागतो.

चिखली तालुक्यातली माझी मावशी तो कसा मांडते, हे मी बरेच उन्हाळे तिच्याशेजारी बसून पाहिलं आहे. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकाचं भाकीत येतं. घरात त्यावर दोन दिवस चर्चा चालते आणि मग मावशी नवी वही काढते. पानांवर महिन्यांची नावं नसतात. पेरणी, निंदण, पोळा, सोंगणी, दिवाळी, संक्रांत, मार्चअखेर, लग्नसराई असे मथळे असतात, आणि प्रत्येक पानावर त्या वेळेला काय काय लागणार ते लिहिलेलं असतं.

आधी जमेची बाजू. मावशी हमीभाव धरत नाही, गेल्या हंगामात प्रत्यक्ष हातात पडलेला भाव धरते. 2024-25 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, पण बाजार समितीतले सौदे बहुतेक त्याच्या खालीच झाले. वीस क्विंटल हमीभावाने मोजले तर 97,840 रुपये होतात, चार हजाराने मोजले तर 80,000. मधले सतरा-अठरा हजार आधीच खर्चात धरले की दिवाळीनंतर तेवढीच उधारी अंगावर येते. पुढच्या वर्षी हमीभाव 5,328 झाला, तरी वहीतला आकडा तिने वर सरकवला नाही. तिचं म्हणणं एवढंच, "भाव काई आपल्या हातात नाई, पोतं आपल्या हातात हाय."

मग पेरणीचं पान. बियाणं पिशवीचं घ्यायचं की घरचं, हा त्यातला मोठा निर्णय. सोयाबीनचं बी सरळ वाणाचं असल्यामुळे घरचं वापरता येतं, पण उगवण तपासावी लागते. मे महिन्यात मावशी न निवडता शंभर दाणे मोजून घेते, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडते, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करते आणि सावलीत ठेवते. रोज थोडं पाणी शिंपडायचं. आठवडाभरात गुंडाळी उलगडायची आणि चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बी पेरणीजोगं. कमी निघाले तर एकरी तीस किलोचं प्रमाण वाढवायचं, फारच कमी असतील तर विकत घ्यायचं. चार एकरांच्या पिशव्यांचे पैसे वाचणार की नाही, हे त्या गोणपाटावर ठरतं आणि त्याच संध्याकाळी वहीत लिहिलं जातं. डीएपीची पिशवी 1,350 रुपये, चार पिशव्या 5,400. ही रक्कम तिथे पक्की लिहिलेली असते.

त्याच पानावर खाली 'दुबार पेरणी' म्हणून एक रक्कम बाजूला असते. पाऊस दडी मारेल या भीतीने ठेवलेली. पीक उभं राहिलं की ती पोळ्याला मोकळी होते, त्याआधी तिला घरातलं कुणी हात लावत नाही. ठरलेल्या दिवसापर्यंत बांधलेला पैसा टिकतो. नुसता 'अडीअडचणीसाठी' ठेवलेला पैसा पहिल्याच अडचणीला जातो, हे मला तिथेच कळलं.

ऑक्टोबरात खरी परीक्षा. सोंगणी-मळणीची मजुरी, किराण्याची उधारी, दिवाळी, सगळं एकदम दारात. मावशी माल तीनदा विकते: पहिला दिवाळीपुरता, दुसरा संक्रांतीच्या सुमारास, तिसरा मार्चआधी. कारण पीककर्ज 31 मार्चपर्यंत भरलं तरच व्याजाची सवलत टिकते, आणि तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडणाऱ्याला महाराष्ट्रात शून्य टक्के व्याज पडतं. घरात माल ठेवायला जागा नसेल त्याच्यासाठी बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना आहे: किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. अडत्याकडून आलेली प्रत्येक पट्टी वहीत टाचलेली असते.

वही लिहिणं एकटीला जमतं, पाळणं अवघड जातं. तिथे बचत गट कामी येतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, हे पाचही नियमित, ही गटांची पंचसूत्री. बैठकीत हिशोब मोठ्याने वाचला जातो. कर्ज मागणारीला कारण सांगावं लागतं, आणि समोर बसलेल्या बायकांना तिच्या घरचं पीकपाणी माहीत असतं. कुणी मोबाईलसाठी पैसे मागितले की प्रश्न येतात. दवाखान्यासाठी मागितले की बैठक पाच मिनिटांत उरकते. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये सुरू झाले. मावशी त्यातून आधी गटाची बचत भरते, उरलेले किराण्याला लावते. त्यामुळे दुकानातली उधारी कमी झाली.

गावात मायक्रोफायनान्सची कर्जंही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. हेतू चांगला आहे. पण वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागून काढलेलं 'मासिक उत्पन्न' ऑगस्टमध्ये घरात नसतं, हप्ता मात्र असतो. तो भरायला दुसरं कर्ज काढलं की वहीतली सगळी पानं कोलमडतात. गटाच्या बायका ही अडचण ओळखतात, म्हणून सोयाबीन निघेपर्यंत नुसतं व्याज घेऊन थांबतात.

शेतकऱ्याला खर्चाची शिस्त नाही, असं सहज बोललं जातं. ही वही पाहिलेला माणूस तसं बोलणार नाही. कृषी विभागाच्या शेतीशाळेत फवारणी आणि बीजप्रक्रिया शिकवतात, तशी ही वहीही घरातल्या बाईला आणि पुरुषाला एकत्र बसवून शिकवली पाहिजे. आणि कर्ज देणाऱ्यांनी हप्ते ठरवण्याआधी ती वाचली पाहिजे. ज्या महिन्यात घरात माल येतो, त्याच महिन्यात हप्ता यावा, एवढं जरी झालं तरी कितीतरी घरांचा हिशोब बसेल.