बंड्याचं बिल कोण भरणार?

कुत्रं घरी आणायच्या आधी त्याचं नाव ठरतं, पट्टा ठरतो, इन्स्टावरचा पहिला फोटोसुद्धा ठरतो. ठरत नाही ते फक्त बजेट!

रविवारची रात्र, साडेअकरा. सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन. आणि आमचा चार महिन्यांचा बंड्या बाथरूमच्या कोपऱ्यात पडलेला. दुपारपासून उलट्या चालू होत्या, रात्री जुलाबात रक्त दिसलं. त्याला टॉवेलात गुंडाळून रिक्षात घातलं आणि रात्री उघडं असणारं एक क्लिनिक गाठलं.

टेस्ट झाली. डॉक्टर म्हणाले, "पार्व्हो आहे. ॲडमिट करावं लागेल." काउंटरवरून आवाज आला, "मॅडम, १२ हजार डिपॉझिट." महिन्याची २४ तारीख. अकाउंटमध्ये ९ हजार, क्रेडिट कार्ड आधीच फुल्ल. दादाला फोन केला. त्याने एक शब्द न विचारता पैसे पाठवले.

शेजारच्या खुर्चीवर गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अडकवलेला एक मुलगा होता. मांडीवर म्हातारं लॅब्राडोर. त्याने खर्चाचा अंदाज विचारला, थोडा वेळ गप्प बसला आणि "उद्या येतो" म्हणून कुत्र्याला उचलून निघून गेला. तो आला की नाही, मला माहीत नाही. पण त्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही. माझ्याकडे दादा होता, एवढाच काय तो फरक.

बंड्या पाच दिवस सलाईनवर होता. बिल ३१ हजार. वाचला!

पॉलिसी काढली असती तर?

घरी आल्यावर पहिला विचार हाच आला. कुत्र्यांचा विमा आपल्याकडे तसा नवा नाही, सरकारी विमा कंपन्या तो पूर्वीपासून देतात. पण शहरातल्या पेट पेरेंट्सच्या कानावर तो खऱ्या अर्थाने पडला २०२० मध्ये, बजाज आलियान्झची पॉलिसी आली तेव्हा. पुढच्याच वर्षी फ्यूचर जनरालीनेही कुत्र्यांसाठी हेल्थ कव्हर आणलं.

मी पॉलिसीचे नियम वाचायला बसले आणि माझा चेहराच पडला. लस देऊन टाळता येणारा आजार लस न दिल्यामुळे झाला, तर क्लेम सहसा मिळत नाही. बंड्याच्या फाइलमध्ये तिसऱ्या डोसची जागा रिकामी होती. त्या शनिवारी ऑफिसमध्ये रिलीज होतं आणि मी म्हटलं होतं, "पुढच्या आठवड्यात बघू." म्हणजे पॉलिसी असती, तरी ते ३१ हजार माझेच गेले असते.

तेव्हा सही करण्याआधी एवढं विचाराच:

- वय किती चालतं? पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झालं की विमा मिळतो, पण वरची मर्यादाही असते. ग्रेट डेनसारख्या आडदांड जातींसाठी ती लवकर संपते. दहा वर्षांच्या म्हाताऱ्यासाठी नवी पॉलिसी शोधणं कठीण.
- वेटिंग पिरियड किती? आज पॉलिसी आणि उद्या क्लेम, असं होत नाही. आधीपासूनचे आजारही वगळलेले असतात.
- काय कव्हर नाही? लसीकरण, ग्रूमिंग, नेहमीचं चेकअप हे बहुतेक वेळा आपल्याच खिशातून.
- पैसे आधी कोण भरणार? बरेचदा आपणच. क्लेम नंतर. म्हणजे रात्री साडेअकराचं डिपॉझिट पॉलिसी भरत नाही!
- मांजर चालेल का? देशी कुत्रा? सगळ्याच पॉलिसींमध्ये मांजरं नसतात. तुमचा देशी हीरो बसतो का, तेही लेखी घ्या.

आणि हो, ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये बंड्याचं नाव घालता येत नाही. जुन्या टॅक्स रिजीममध्ये हप्त्यावर सवलत मिळते ती तुमच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या आणि आईवडिलांच्या विम्यावर. "हाच माझा मुलगा" हे इन्कम टॅक्सवाल्यांना पटत नाही!

मग घ्यायची की नाही? कुत्रा लहान आहे, धडधाकट आहे, तर घ्या. अपघात किंवा मोठं ऑपरेशन झालं तर ती उपयोगी पडेल. पण फक्त तिच्या भरवशावर राहू नका.

खरा फंडा

लस हाच सगळ्यात स्वस्त विमा. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की सुरुवात, मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोची भीती असते, तीही लस डॉक्टरांना विचारून घ्या. गोचीड मारायचं औषध टाळू नका. गोचीडतापाच्या उपचारांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

नसबंदीचंही तसंच. मादीची वेळेवर केली तर गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. नाहीतर तेच ऑपरेशन पुढे मध्यरात्री, इमर्जन्सीत आणि दुप्पट टेन्शनमध्ये करायची वेळ येते.

पैसे वाचवायला घरच्या गोळ्या मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

डॉक्टरांशी पैशांचं बोला

आपल्याला लाज वाटते. माझ्यासमोरच्या त्या मुलालाही वाटली असावी. पण "माझं बजेट एवढं आहे, त्यात काय करता येईल?" हा प्रश्न सरळ विचारा. कुठली टेस्ट आत्ताच हवी, कुठली दोन दिवस थांबेल, स्वस्त ब्रँडचं औषध आहे का, हे डॉक्टर सांगू शकतात. खर्चाचा अंदाज लेखी मागा.

पर्यायही माहीत असू द्या. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिलंय. ते चालवणारी प्राण्यांसाठीची संस्था १८७४ ची. त्याच आवारात १८८६ मध्ये सुरू झालेलं व्हेटर्नरी कॉलेज आहे. रतन टाटांच्या मनातलं स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालं. तुमच्या गावातही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असेल. पत्ता, वेळ आणि दर आजच विचारून ठेवा. रात्री साडेअकराला गुगल करायची वेळ येऊ देऊ नका.

पगाराच्या दिवशी एवढंच करा

- पेटच्या नावाने महिन्याला १ हजाराची रिकरिंग सुरू करा. तीन वर्षांत ३६ हजार. बंड्याचं बिल त्यात बसलं असतं.
- लसींच्या तारखांचा मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. रिलीजपेक्षा मोठ्या अक्षरात!
- लसीकरणाचं कार्ड, पेटचा फोटो आणि बिलं यांची एक फाइल ठेवा. क्लेमला हेच मागतात.
- पेट अजून आणलं नसेल, तर आधी सहा महिने ती रिकरिंग भरून बघा. जड जातेय? मग थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

दादाचे पैसे मी आठ महिन्यांत फेडले. शेवटचा हप्ता पाठवला तेव्हा त्याचा मेसेज आला, "बंड्याला सांग, काकाने... सॉरी, मामाने माफ केलं असतं." बंड्या आता तीन वर्षांचा आहे. त्याची रिकरिंग या महिन्यात पूर्ण होतेय. माझ्या नावावर अजून एकही नाही, पण तो लेख पुन्हा कधीतरी!