हिंडतेफिरतेपण संपल्यावर

कापूस आणि सोयाबीन यांवर चालणाऱ्या, वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात म्हातारपण आजवर घरानेच सांभाळले. परंतु मुले नागपूर-पुण्याकडे नोकरीला गेली आणि शेती मक्त्याने देऊन आईवडील गावातच राहिले, म्हणजे त्यांची देखभाल कोणी आणि कोठे करावी, हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. तो बहुधा ‘वृद्धाश्रमात ठेवावे की नाही’ एवढ्यावरच, लोकलाजेच्या ओझ्याखाली, अडून राहतो. वास्तविक आधी पाहावयाचे असते ते वृद्धाला स्वतःचे काय काय करता येते. अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये मांडलेल्या मोजणीत अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा क्रिया पाहतात, आणि ही मोजणी घरच्या माणसालाही करता येण्याइतकी सोपी आहे.

यांपैकी एकदोन क्रियांना हात द्यावा लागत असेल आणि गोळ्या वेळेवर देणारे कोणी हवे असेल, तर साहाय्यित निवास, म्हणजे स्वतःची खोली राखून मदतनीस देणारी व्यवस्था, पुरेसा ठरतो. नळीने अन्न किंवा लघवीची नळी यांची गरज असेल, तर बहुधा चोवीस तास परिचारिका असलेले शुश्रूषा केंद्र लागते. येथे नावाने गोंधळ होतो, कारण महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हणजे 1949 च्या कायद्याखाली नोंदलेले छोटे खाजगी रुग्णालय, आणि तेथून बरा झालेला रुग्ण घरी जावा असेच गृहीत असते. वृद्धाश्रमांचे, 1995 च्या मातोश्री योजनेतील आश्रम धरून, मूळ स्वरूप निवाऱ्याचे आहे. अनेक आश्रम हिंडत्याफिरत्या माणसालाच प्रवेश देतात. म्हणून माणूस अंथरुणाला खिळल्यास त्याला ठेवून घेणार की घरी नेण्यास सांगणार, याचे उत्तर प्रवेशापूर्वीच लेखी घ्यावे. अनामत रकमेच्या परताव्यापेक्षाही हे कलम अधिक महत्त्वाचे आहे.

समुद्रपूरहून जामच्या चौकातून नागपूरला जाता येते, आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जिल्ह्यातच आहेत. तरीही दूरच्या सुसज्ज संस्थेपेक्षा, नातेवाइकांना आठवड्याला पोहोचता येईल अशी साधी संस्था बहुतेक वेळा चांगली. शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि ती बदलली जाते की नाही हे माहितीपत्रकातून कधीच कळत नाही. न सांगता गेलेल्या माणसाला ते पाठ पाहून कळते.

कायद्याचा आधार आहे, पण अपुरा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईवडिलांना निर्वाह न्यायाधिकरणाकडे मुलांविरुद्ध अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही, आणि हे न्यायाधिकरण उपविभागवार असते; समुद्रपूर तालुका हिंगणघाट उपविभागात मोडतो. मात्र निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी आश्रम काढण्याची राज्याला त्यात मुभा आहे, सक्ती नाही. देखभाल केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे 2019 चे विधेयक संमत न होताच बारगळले. कलम 23 मात्र शेतकरी कुटुंबांनी नीट वाचावे: मुलाच्या नावे जमिनीचे बक्षीसपत्र करताना त्यात सांभाळाची अट घातली आणि ती मोडली गेली, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते; म्हणून सातबाऱ्यावरचे नाव बदलण्यापूर्वी ती अट लिहून घ्यावी.

आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, त्यालाच विचारल्याशिवाय निर्णय होऊ नये. शक्य असेल तेथे त्या व्यक्तीला आधी आठ दिवस राहून पाहू द्यावे, आणि ती ‘नको’ म्हणाली तर त्या नकाराचे कारण ऐकून घ्यावे. सल्ल्यासाठी 14567 हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदत क्रमांक विनामूल्य आहे.