दार अडकले म्हणजे कुलूप गेले असे नव्हे

आखाती देशांतून सुट्टीवर आलेला कोकणातला माणूस घरी पोहोचला की दुसऱ्या दिवशी शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री काढतो. आमच्या एका परिचितांची मारुती ८०० अशीच आठ महिने जागची हलली नव्हती. बॅटरी उतरली असेल, ही त्यांची अटकळ होती. प्रत्यक्षात चालकाच्या बाजूचे दारच उघडेना. चावी आत जाई, फिरेही, पण दार ढिम्म. गॅरेजवाल्याने बाहेरूनच निकाल दिला की कुलूप गेले, अख्खे बदलावे लागेल. दुसऱ्या मिस्त्रीने उघडून पाहिले, तर आतली प्लास्टिकची एक क्लिप तुटलेली निघाली. तिची किंमत दोन कप चहाहून अधिक नव्हती.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. ॲम्बेसेडरही त्याच वर्षी बंद झाली. या गाड्या अजून पुष्कळांच्या दारात आहेत, पण त्यांचे चांगले सुटे भाग मिळवायला आता पायपीट करावी लागते. म्हणूनच चालू कुलूप मोडीत काढणे मालकाला परवडत नाही आणि कारागिराच्या नावालाही ते शोभत नाही.

दाराच्या कुलपात खरे तर तीन वेगळ्या वस्तू आहेत. चावी जाते ते बॅरल, दाराच्या कडेला बसवलेला खटका, आणि या दोघांना व हँडलला जोडणाऱ्या बारीक लोखंडी सळ्या. सळ्यांची टोके प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेली असतात. उन्हातान्हात हे प्लास्टिक कडक होऊन तुटते.

बिघाड यांपैकी कशात आहे, हे दार न खोलताही बरेचसे कळते. चावी जाते पण फिरत नाही, तर दोष बॅरलचा किंवा खुद्द चावीचा. चावी सैल फिरते आणि आतली खुंटी हलत नाही, तर सळी सुटली. हँडल हातात ढिले लागते, तरीही सळीच सुटली. हँडलला नेहमीसारखा ताण आहे, पण दार सुटत नाही, तर खटका गंजला किंवा आतले ग्रीस वाळून घट्ट झाले. बिजागऱ्या झिजून दार खाली बसले असेल तरी असेच होते. तेव्हा एकाने दार आत दाबून किंचित वर उचलावे आणि दुसऱ्याने हँडल ओढावे. पुष्कळदा एवढ्यावर काम होते. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचा चाइल्ड लॉक असेल, तर तो आधी पाहावा. तो चुकून लागला म्हणून दार आतून उघडत नाही आणि माणसे गॅरेज गाठतात. यात हसण्यासारखे काही नाही, आम्हीही एकदा गाठले आहे.

चावीचे थोडे अधिक सांगायला हवे. बॅरलच्या आत पातळ पत्त्या असतात आणि चावीचे दाते त्यांना एका रेषेत आणतात. चावी झिजली की पत्त्या पुऱ्या सरकत नाहीत. मग आपण त्याच झिजलेल्या चावीची नक्कल करून घेतो आणि झीजही नकलेत उतरते. म्हणून दुसरी चावी घरात ठेवलेली असेल, तर आधी ती लावून पाहावी आणि नक्कल तिच्यावरूनच करावी. बॅरलमध्ये खोबरेल किंवा गोडे तेल कधीही घालू नये. दोन दिवस कुलूप लोण्यासारखे चालते, मग त्या तेलावर धूळ बसून चिकट लगदा होतो. तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड घालावी. ती नसेल तर पेन्सिलीचे शिसे चावीवर घासावे.

खटका मात्र ओल्या औषधाने सुटतो. गंज सोडवणारा फवारा मारून थोडा वेळ जाऊ द्यावा, हँडल हलके हलवत राहावे, जोर करू नये. दार उघडल्यावर जुने ग्रीस डिझेलने धुऊन काढावे, कोरडे पुसावे आणि नवे ग्रीस बेताने लावावे.

सळी सुटली असेल तर दाराचा पॅड काढल्यावाचून गत्यंतर नाही. काच फिरवायच्या हँडलमागे तारेची क्लिप असते. तिथे फडक्याची पट्टी घालून दोन्ही टोके आळीपाळीने ओढली की ती बाहेर येते. पेचकसाने उचकटली तर उडून हरवते. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडू नये, काम झाल्यावर पुन्हा नीट चिकटवावा, नाहीतर पावसाळ्यात पॅड भिजून फुगतो. काचेच्या फटीतून पट्टी घालून दार उघडणारे चौकाचौकात भेटतात, पण ती पट्टी आतल्या चांगल्या सळ्याही वाकवते.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते. दुरुस्ती झाली की मिस्त्री खुशीने धाडकन दार लावतो, आणि सळी उलटी बसली असेल तर ते पुन्हा बंदच राहते. दार उघडे असतानाच खटका पेचकसाने दाबून बसवावा, मग बाहेरच्या हँडलने, आतल्या हँडलने आणि चावीने तो पाच-सहा वेळा सोडवून पाहावा. त्यानंतरच दार लावावे.

दार आतून उघडत नसेल तर ‘दुसऱ्या बाजूने उतरू’ म्हणून दिवस ढकलू नयेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही माणसे बंद गाडीत अडकून दगावली. भाड्याने गाडी चालवणाऱ्याने तर असे दार असताना प्रवासी बसवूच नये.

पावसाळ्याआधी आणखी एक काम करून घ्यावे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी दारातच साचते आणि दार आतून गंजू लागते. जुनी गाडी घेताना आम्ही आता खाली वाकून ही भोके पाहतो, आणि प्रत्येक दार आतून व बाहेरून स्वतः उघडून पाहिल्याशिवाय भावाची गोष्ट काढत नाही.