वृक्षवलये आणि आपत्तींचा इतिहास : हिमस्खलनापासून उल्हास नदीच्या पुरापर्यंत

प्रस्तावना

नैसर्गिक आपत्तींची लेखी नोंद बहुधा मानवी वस्तीइतकीच जुनी असते. उल्हासनगर १९४९ मध्ये निर्वासितांची वसाहत म्हणून वसले. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. परंतु मंदिरालगतच्या वालधुनी नदीला कोणत्या वर्षी किती पूर आला, हे तो सांगत नाही. अशा ठिकाणी वृक्षांच्या खोडातील वार्षिक वलये कितपत उपयोगी पडू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पद्धतीचे स्वरूप

हिमस्खलनाच्या अभ्यासात ही पद्धती विशेष विकसित झाली आहे. उतारावरून कोसळणारा हिमराशी वृक्षाचा समूळ नाश करतोच असे नाही. खोडावर जखम झाल्यास पुढील वर्षांची वाढ ती जखम कडेने झाकत जाते. सूचिपर्णी वृक्ष कलल्यास उताराच्या खालच्या बाजूस दाट प्रतिक्रिया-काष्ठ तयार होते. शेंडा मोडल्यास वलये अरुंद होतात. शेजारचे वृक्ष नष्ट झाल्यास उरलेल्यांना प्रकाश मिळून ती रुंदावतात. पोकळ गिरमिटाने खोडाचा बारीक नमुना काढून त्यातील वलये परिसरातील अबाधित वृक्षांच्या वलयक्रमाशी जुळवली जातात व घटनेचे वर्ष निश्चित होते.

एकाच वृक्षाची साक्ष मात्र पुरेशी नसते, कारण जखम दगडामुळे किंवा प्राण्यामुळेही होऊ शकते. म्हणून त्या वर्षी हयात असलेल्या वृक्षांपैकी किती वृक्षांवर खुणा आढळतात, हे प्रमाण विचारात घेतले जाते. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिमाचल प्रदेशातील वृक्षांवरून दीडशेहून अधिक वर्षांतील हिमस्खलनांचा क्रम लावण्यात आला. अलीकडच्या दशकांत ती वाढल्याचे आढळले आणि या वाढीचा संबंध तापमानवाढीशी जोडण्यात आला.

ठाणे जिल्ह्याचा संदर्भ

आपल्या परिसरात हिम नाही. वलये देणारा वृक्ष मात्र आहे. सागवान कोरड्या ऋतूत पाने गाळतो व पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे त्याची वार्षिक वलये स्पष्ट असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील जी. बी. पंत व एच. पी. बोरगावकर यांनी ठाणे परिसरातील सागवानाची वलये आणि प्रादेशिक हवामान यांवरील अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे केरळमधील सागवानावरून १४८१ ते २००३ या ५२३ वर्षांची वलयमालिका तयार झाली व तीत मान्सूनमधील अवर्षणाच्या खुणा आढळल्या.

तथापि, वलयाची रुंदी हवामान सांगते. पुराचा आघात सांगते ती जखम. हिमस्खलन वृक्षाच्या सुप्तावस्थेत होते, म्हणून त्याची जखम दोन वलयांच्या सीमेवर आढळते. जुलैमधील पुराची जखम चालू वलयाच्या आत असावयास हवी. पद्धतीची परीक्षा घेण्यास ज्ञात तारखाही उपलब्ध आहेत. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीला महापूर आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. या दोन वर्षांच्या खुणा काठावरील वृक्षांत आढळल्या, तरच जुन्या, अज्ञात पुरांविषयी विधान करता येईल.

मर्यादा

पावसात खंड पडल्यास सागवानात आभासी वलये निर्माण होतात व वर्षगणना चुकू शकते. नदीकाठच्या अनेक सदाहरित वृक्षांत वलये अस्पष्ट असतात. शिवाय खूण न आढळणे म्हणजे पूर न येणे नव्हे. मोठा पूर आधीच्या पुरांचे साक्षीदारच वाहून नेतो.

निष्कर्ष

पूररेषा ठरविताना किती मोठा पूर किती वर्षांनी येतो, हा प्रश्न निर्णायक असतो. नोंदी अल्पकालीन असल्यास उत्तरही अंदाजाचेच राहते आणि त्याची किंमत काठावरील रहिवासी मोजतात. नागरी क्षेत्रातील वृक्षांना १९७५ च्या अधिनियमाचे संरक्षण आहे. तरीही रस्ते व इमारतींसाठी जुने वृक्ष तोडले जातात. परवानगीने तोडलेल्या किंवा वादळात उन्मळलेल्या वृक्षांच्या खोडाच्या चकत्या, स्थान व तारखेच्या नोंदीसह जतन करणे महाविद्यालयांच्या भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांना सहज शक्य आहे. त्यासाठी उभ्या वृक्षास इजा करावी लागत नाही. लाकूड एकदा वखारीत गेले की ही साक्ष पुन्हा मिळविता येत नाही.