शहराचा कचरा, गावाची विहीर

घंटागाडी वेशीबाहेर गेली की कचऱ्याचा प्रश्न सुटला, अशी शहरवासीयांची समजूत असते. वस्तुतः प्रश्न सुटत नाही. त्याची जागा तेवढी बदलते. साताऱ्याचा कचरा सोनगावच्या डेपोत जातो, सांगलीचा समडोळी रस्त्याला आणि मिरजेचा बेडग रस्त्याला. शहराच्या वेशीबाहेर ओसाड पोकळी नसते. तेथे शेते असतात, विहिरी असतात आणि त्या पाण्यावर जगणारी माणसे असतात.

उघड्यावर साचलेल्या कचऱ्यातून पावसाळ्यात काळपट द्राव पाझरतो. तंत्रज्ञ त्यास लिचेट म्हणतात. त्यात अमोनिया, क्षार आणि कुजकी सेंद्रिय द्रव्ये असतात. टाकाऊ बॅटऱ्यांतून आलेले शिसेही असू शकते. साताऱ्याच्या बेसाल्ट खडकात पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. भेगांतून उतरणारे पाणी वाळूतल्यासारखे गाळून निघत नाही. सांगलीला नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत भूजल फारसे खोल नाही, आणि २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी कृष्णा कोठवर पसरते हे दाखवून दिले आहे.

आपल्या व्यवहाराचा खर्च त्रयस्थावर पडला तर बाजारभाव खोटा ठरतो, हा विचार अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडला. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात डिझेल आणि वेतन दिसते. नासलेली विहीर दिसत नाही. म्हणूनच उघड्यावर कचरा टाकणे स्वस्त भासते. पुण्याच्या कचऱ्यापायी उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या विहिरी निकामी होऊन तेथे टँकर सुरू करावे लागले, तेव्हा या स्वस्ताईची खरी किंमत कळली.

कायद्याची वाण नाही. २००० आणि २०१६ च्या नियमांनी भरावाखाली अभेद्य अस्तर, पाण्याच्या विहिरींपासून अंतर आणि भूजलाची नियमित तपासणी बंधनकारक केली. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रसायनांनी नासल्या, तेव्हा प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला.

तरीही ग्रामस्थ हतबल राहतो, कारण पुरावा त्याच्यापाशी नसतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट आढळले, तरी ते उसाला घातलेल्या खताचे आहे असे म्हणून हात झटकता येतात. तो आक्षेप सर्वस्वी खोटाही नसतो. यास उपाय एकच: डेपोच्या चढाच्या आणि उताराच्या अशा दोन्ही अंगांच्या विहिरींतील पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर दरवर्षी तपासावे, आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. जोडीला अंदाजपत्रकात बाधित विहिरींसाठी स्वतंत्र तरतूद हवी. गावच्या विहिरीची किंमत शहराच्या जमाखर्चात चढली, म्हणजे ओला व सुका कचरा घरोघरी वेगळा करणे हा महागडा उपद्व्याप नसून काटकसर आहे, हे शहराच्या ध्यानी येईल.